वहीत नाव नाही

"शिकून शिकून काय शिकलास, तर गुडघे टेकायला."

माझा चुलतभाऊ मला म्हणाला. चौदा एप्रिलची रात्र. मिरवणूक संपली होती, अंगावर निळ होती, हातात कटिंग. मी हसलो. हसण्यावारी नेलं म्हणजे उत्तर द्यावं लागत नाही.

चुलतभाऊ तसा लांबचा. आमचे खापरपणजे सख्खे भाऊ. १८७६-७८ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात माणसं किड्यामुंगीसारखी मेली, तेव्हा एक भाऊ मिशनच्या आवारात गेला, एक गावातच राहिला. जो गेला त्याची आम्ही पोरं. जो राहिला त्याच्या पोरांनी १९५६ नंतर बुद्धाला हात जोडले. एका घराची दोन घरं झाली. पण गावाला ते कधी कळलंच नाही. ख्रिस्ती झाल्यावरसुद्धा माझ्या पणज्याच्या हातातली येसकराची काठी गावानं काढून घेतली नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला, तोवर येशूचा दास आणि पाटलाचा महार अशा दोन्ही नोकऱ्या आमच्या घरात सुखानं नांदत होत्या.

तर मी गुडघे टेकायला शिकलो ते असं. आधी बी.ए., मग बी.डी., मग एम.टीएच. पदवीवर सेरामपूरचा शिक्का. ते कॉलेज १८१८ चं. केरी, मार्शमन, वॉर्ड या तिघांनी काढलेलं. १८२७ साली डेन्मार्कच्या राजानं त्याला पदव्या द्यायची सनद दिली. घरात पहिली मोठी पदवी आली तीही अशी, राजाच्या सनदेची. आई प्रमाणपत्राला हात लावायच्या आधी हात धुऊन आली.

माझा विषय उपयोजित ईश्वरविज्ञान. बोजड शब्द आहे, पण गोष्ट साधी. देवाबद्दल पुस्तकात जे लिहिलंय ते माणसाच्या मरणादारी, भांडणात, दवाखान्यात, मजुरीच्या अड्ड्यावर टिकतं का, हे तपासायचं. जर्मनीत श्लायरमाखर नावाचा पंडित होऊन गेला. त्यानं १८११ साली या विषयाला सगळ्या ईश्वरविज्ञानाचा मुकुट म्हटलं. आमच्या सेमिनरीत मात्र मुकुटाला फारसा मान नव्हता. ग्रीक-हिब्रूवाले वरच्या पंगतीत, आम्ही खालच्या. जिथं तिथं उतरंड, दोस्तहो. देवाच्या आवारातही.

आणि पुस्तकात तरी कोण होतं? भारतीय ख्रिस्ती विचार म्हणून जे शिकवलं जायचं त्यात ब्रह्मबांधव उपाध्याय, अप्पासामी, चेंचय्या. महाराष्ट्रातले म्हणून नारायण वामन टिळक. मोठी माणसं, नाही म्हणत नाही. टिळकांची भजनं माझ्या आजीला तोंडपाठ होती. पण ख्रिस्ताला वेदान्तात बसवायची, भक्तीत बसवायची ही खटपट माझ्या खापरपणज्याच्या काय कामाची? त्याला वेद ऐकायची बंदी होती. मंडळीत शंभरातले नव्वद लोक महारवाड्या-मांगवाड्यातले आणि पुस्तकातला ख्रिस्ती माणूस जानवं उतरवून आलेला.

हे उघड बोलणारा पहिला माणूस आपल्या मराठी मुलखातलाच निघाला. अरविंद निर्मळ. १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी भाषण केलं आणि शूद्रांचं ईश्वरविज्ञान पाहिजे म्हणून सांगितलं. पुढं तेच दलित ईश्वरविज्ञान झालं. मद्रासच्या गुरुकुलात त्याचा विभाग झाला, निर्मळ त्याचे प्रमुख झाले. १९९५ साली ते गेले. त्यांचं म्हणणं असं की सुरुवात तत्त्वज्ञानापासून नाही, आपल्या वेदनेपासून करायची. येशूनं यरुशलेमच्या देवळात व्यापाऱ्यांचे चौरंग उलथले ती जागा परजातीयांची होती, त्यांची जागा त्यांना मोकळी करून दिली, असं ते वाचायचे. हे वाचलं तेव्हा मला काळाराम आठवला. आठवणारच.

पण मी ज्यासाठी हे लिहायला बसलो ते वेगळंच आहे.

एम.टीएच.ला आम्हाला 'नेतृत्व' नावाचा पेपर होता. त्यात सेवक-नेतृत्व. ही कल्पना या नावानं मांडली रॉबर्ट ग्रीनलीफनं, १९७० साली. हा गृहस्थ अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीतला निवृत्त अधिकारी. म्हणणं असं की खरा पुढारी आधी सेवक असतो. प्राध्यापक रंगून शिकवत होते. येशूनं शिष्यांचे पाय धुतले ते सांगत होते. मी मागच्या बाकावरून म्हटलं, "सर, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सेवकच होतो. मेलेलं ढोर ओढलं, सांगावे पोचवले, गावची राखण केली. मग पुढारी का नाही झालो?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "मुद्दा आहे. पण परीक्षेत असं लिहू नका."

मुद्दा असा होता की ज्याच्या हातात सत्ता आहे त्यानं वाकून पाय धुतले तर तो धडा. ज्याचे हात कायम दुसऱ्याच्या पायाशीच आहेत त्याला तो धडा दिला तर ती महारकी. एकच गोष्ट, पण सांगायची कोणाला यावर तिचा अर्थ फिरतो. एवढं मात्र मला या विषयानंच शिकवलं. उपकार मानतो.

अभ्यासात फील्डवर्क असायचं. एका शहरातल्या मंडळीत मला वर्षभर पाठवलं. सरकारी दवाखान्यात रोग्यांना भेटायचं आणि परत येऊन झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहून काढायचं. त्याला व्हर्बेटिम म्हणतात. रोगी काय म्हणाला, मी काय म्हणालो, कोण कुठं गप्प बसला, माझ्या पोटात काय झालं, सगळं लिहायचं. डावीकडं जागा सोडायची, तिथं मार्गदर्शक शेरा मारणार. ही पद्धत अमेरिकेत सुरू झाली, १९२५ च्या सुमाराला. तिथल्या पाळकांना मनोरुग्णालयात नेऊन सांगितलं, पुस्तकं बाजूला ठेवा, हा माणूस वाचा.

असा एक माणूस मी वाचला. मार्केट यार्डात हमाल. पाठीवर पोती वाहून वाहून छातीचा खोका झालेला. जातीनं मांग. दाखल्यावर हिंदू मांग. मंडळीत रविवारी अकरा वर्षं येत होता, दाराजवळच्या बाकावर बसायचा. पुढचे बाक आमचे, महार-ख्रिस्त्यांचे. कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण बसणाऱ्याला कळतं. हे मी आपल्या लोकांबद्दल लिहितोय आणि लिहिताना मान खाली जातेय.

त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. एके संध्याकाळी वॉर्डात तो म्हणाला, "मला पाणी द्या." मी ग्लास उचलला. तो म्हणाला, "पिण्याचं न्हाई. डोक्यावर."

मी तेव्हा दीक्षित पाळक नव्हतो. पण मरणाच्या दारात कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, असा नियम आहे. स्टीलच्या ग्लासातलं पाणी हातात घेतलं आणि त्याच्या कपाळावर सोडलं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. नर्स औषधाची गाडी थांबवून उभी राहिली. तो डोळे मिटून पडला होता. अकरा वर्षांत दाराजवळच्या बाकावर तो इतका ऐसपैस बसलेला मी बघितला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तो गेला.

त्याची बायको मला जिन्याखाली घेऊन गेली. म्हणाली, "पास्टर भाऊ, तुम्ही केलं ते चांगलं केलं. त्यांच्या मनात लई दिवसापासनं व्हतं. पर वहीत नाव नका लिहू."

मंडळीत बाप्तिस्म्याचं रजिस्टर असतं. नाव, बापाचं नाव, तारीख, कुणी दिला. लिहायचं असतंच.

"पोरीची पडताळणी चाललीय," ती म्हणाली. "नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला हाय. दक्षतावाले घरी येऊन गेले. देव कोणता, सण कोणता, लग्न कसं लावता, सगळं इचारलं. भिंतीवरचा क्रूस आम्ही डब्यात ठिवला व्हता." मग जरा थांबली. "पास्टर भाऊ, हे आमचं पाप हाय का? देवाला असं डब्यात ठिवलं म्हणून ते गेले का?"

मी म्हणालो, "देव क्षमा करणारा आहे, ताई."

व्हर्बेटिममध्ये हे सगळं जसंच्या तसं लिहिलं. मार्गदर्शकांनी डावीकडं शेरा मारला: विद्यार्थ्यानं क्षमेचं आश्वासन योग्य वेळी दिलं. चांगले मार्क मिळाले. आणि मंडळीतले एक डिकन मला म्हणाले, "त्या लोकांचं काही खरं नसतं. सवलतीपुरते हिंदू, गरजेपुरते ख्रिस्ती." मला आठवलं, हेच वाक्य मी कॉलेजात ऐकलं होतं. देशपांडे-कुलकर्ण्यांच्या पोरांकडून. आमच्याबद्दल.

त्या आठवड्यात चुलतभावाकडून बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाचा पाचवा खंड आणला. सरकारनं तो १९८९ साली छापला. त्यात अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर आणि धर्मांतरिताच्या स्थितीवर प्रकरणं आहेत. सेमिनरीच्या सहा वर्षांत मला ती कुणी वाचायला सांगितली नव्हती. बाबासाहेब विचारतात, ख्रिस्ती झालेला अस्पृश्य अन्यायाविरुद्ध पेटून का उठत नाही? त्यांचं एक उत्तर असं की त्याला शिकवलं जातं, तुझ्या पतनाला कारण पाप. समाजरचना नाही, तिच्यावर हल्ला करणं नाही. पाप, तेही कुठल्या तरी आद्य पूर्वजाचं, आदामाचं. हिंदू होता तेव्हा त्याच्या हालाला त्याचं मागच्या जन्माचं कर्म कारण होतं. ख्रिस्ती झाल्यावर आदाम.

मी पुस्तक मिटलं. माझा व्हर्बेटिम काढला. "देव क्षमा करणारा आहे, ताई." त्या बाईनं काय केलं होतं म्हणून मी तिला क्षमा दिली? क्षमा करायला आधी पाप लागतं. तिच्या पदरात मीच ते घातलं आणि मीच ते माफ केलं.

तिनं क्रूस डब्यात ठेवला, कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात तिसरा परिच्छेद आहे. हिंदूशिवाय दुसरा धर्म मानणारा अनुसूचित जातीचा नाही, असं तो म्हणतो. १९५६ साली त्यात शिखांना घेतलं, १९९० साली बौद्धांना. त्यासाठी आपल्या माणसांनी चौतीस वर्षं वाट पाहिली, हे तुम्हाला मी सांगायला नको. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ साली परिच्छेदच काढा म्हणून सांगितलं. २०२२ साली पुन्हा बालकृष्णन आयोग नेमला. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानं एका बाईच्या प्रकरणात म्हटलं, खरी श्रद्धा नसताना नुसत्या आरक्षणासाठी स्वतःला हिंदू म्हणवणं ही संविधानाशी लबाडी. कायद्याच्या कागदावर ते बसत असेल. पण जिन्याखाली उभ्या असलेल्या बाईची लबाडी कोणती? धर्म बदलला तर मांगवाडा बदलतो का? हमालाच्या पाठीवरचं पोतं उतरतं का?

मी परत तिच्या घरी गेलो. म्हणालो, "ताई, मी त्या दिवशी चुकलो. तुमचं पाप नाही. ज्यांनी तुम्हाला हे लपवायला लावलं, पाप त्यांचं." ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "हे आधी सांगितलं असतं तर ते जाताना मी रडले असते तरी नीट."

हा दुसरा व्हर्बेटिमही मी लिहून दिला. शेरा आला: विद्यार्थी राजकारणात शिरतो आहे. मार्क कमी पडले.

आता तुम्हाला सांगायचं ते. १ जानेवारी १९३८ ला सोलापुरात बाबासाहेब ख्रिस्ती लोकांपुढं बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपल्याला भारून टाकलं, असं म्हणाले आणि त्याच भाषणात आमच्या लोकांना सुनावलंही, की सामाजिक अन्यायाविरुद्ध तुम्ही समाज म्हणून कधी लढला नाहीत. आमच्या मंडळ्यांत पहिला भाग मोठ्यानं सांगतात. तुमच्या बैठकांत दुसरा. मला दोन्ही एकत्र पाहिजेत. आमची माणसं मिशनच्या कंपाउंडात गप्प बसली हे खरं. आणि तिसऱ्या परिच्छेदाचा विषय निघाला की आपल्यातली काही माणसं "आमच्यातलं वाटून घ्यायला आले" म्हणतात, हेही खरं. १९९० च्या आधी आपल्याबद्दल हेच म्हणत होते, विसरलात का?

चुलतभावाला उत्तर द्यायला मला दोन वर्षं लागली. मी त्याला म्हटलं, "गुडघे टेकायला शिकलो, बरोबर. पण खाटेवरच्या माणसाचं ऐकायचं तर खाली बसावंच लागतं. मी चुकलो तो तिथं नाही. ऐकल्यावर उठलो नाही, तिथं चुकलो."

तो म्हणाला, "मग आता ऊठ."

पुढच्या चौदा एप्रिलला मंडळीतली सात पोरं घेऊन मी मिरवणुकीत गेलो. त्यात दोन दाराजवळच्या बाकावरची. डिकननी माझ्याविरुद्ध अर्ज केला, तो अजून फायलीत आहे.

पोरीची पडताळणी झाली. ती आता नर्स आहे. रविवारी येत नाही. मी बोलावत नाही.

रजिस्टरात त्या तारखेला मी एक ओळ कोरी सोडली आहे. तपासणीला आलेल्यानं विचारलं, हे काय? मी म्हटलं, इथं एक नाव आहे. ज्या दिवशी ते लिहून कुणाचं पोर शिक्षणातून उठणार नाही, त्या दिवशी लिहीन.