प्रमाण आणि पैमाना

आलेखाच्या कागदावर कोपऱ्यात प्रमाण लिहितात: 1 सेंमी = 10 एकक. उर्दू माध्यमाची मुलं त्याला पैमाना म्हणतात. मी भाषेचा शिक्षक, गणिताचा नाही. पण मराठीत 'प्रमाण' म्हणजे मोजमापही आणि पुरावाही, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

आमच्या सोनपेठमध्ये आता पोरं चहाच्या टपरीवर मोबाईलवर शेअरचे चार्ट बघत बसतात. मध्यंतरी एक जुना विद्यार्थी घरी आला. घरात सोयाबीनचे पैसे आले होते आणि त्यातले काही ऑप्शनमध्ये घालायचं त्याच्या मनात होतं.

"सर, बघा, आरएसआयची रेषा भावाला कापून वर निघाली. आता भाव चढणार."

"भाव किती आहे?"

"पाचशे दहा."

"आणि आरएसआय?"

"बासष्ट."

"मग बासष्टनं पाचशे दहाला ओलांडलं कसं?"

तो गप्प झाला.

आरएसआय हा निर्देशांक वेल्स वाइल्डर या अमेरिकन इंजिनिअरनं 1978 साली मांडला. साधारण 14 दिवसांतली सरासरी वाढ आणि सरासरी घट यांच्या गुणोत्तरावरून तो काढतात. तो 0 ते 100 यांच्या बाहेर जात नाही. भाव मात्र रुपयांत असतो. दोन्ही एकाच चौकटीत दाखवताना सॉफ्टवेअर प्रत्येकाला वेगळा पैमाना देतं आणि दोन्ही रेषा चौकटभर ताणतं. एकच पैमाना ठेवला, तर आरएसआय बिचारा तळाशी पडून राहील.

मी त्याला भावाचा अक्ष बोटानं ओढायला सांगितलं. रेषा कापण्याची जागा चार दिवस मागे सरकली. भाव तोच, बासष्टही तेच. जी खूण बोटानं हलते, ती बाजारातली कशी असेल? आरएसआय वाचायचा तो आकड्यानं, 70च्या वर की 30च्या खाली. रेषेच्या उंचीनं नव्हे.

आणि आकडा बरोबर वाचला म्हणून नफा होतोच असंही नाही. सेबीच्या सप्टेंबर 2024च्या अभ्यासानुसार, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत शेअरच्या फ्युचर्स-ऑप्शनमध्ये 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. तेही मी त्याला सांगितलं.

जाण्याआधी त्यानं आरएसआय खालच्या वेगळ्या चौकटीत टाकला. "अब्बांना विचारतो," म्हणाला. पैशांचं पुढं काय ठरलं, ते त्यानं अजून सांगितलेलं नाही.