गळ्यातली चाल आणि संगणक

संगणकावर स्वतःचे गाणे करू पाहणारे अनेकजण प्रथम विचारतात, 'मोफत आणि सोपे सॉफ्टवेअर कोणते?' भाषेचा अभ्यासक म्हणून मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: त्या सॉफ्टवेअरचे व्याकरण आपल्या गाण्याला मानवते का?

म्यूझस्कोर पाश्चात्त्य स्वरलेखनासाठी आहे. एलएमएमएसमध्ये पडद्यावरील चौकटींत स्वर मांडावे लागतात; सप्तकाचे बारा भाग आणि चार मात्रांचे आवर्तन तेथे आरंभीच गृहीत असते. मात्रा बदलता येतात. परंतु दोन स्वरांमधली मींड चौकटींत बसवणे नवशिक्याला जड जाते. मराठीतला 'ळ' रोमन लिपीत हरवतो, तसेच हे. २००० साली आलेली ऑडॅसिटी मात्र आवाज जसा आहे तसा टिपते. तीही मोफत आहे.

हा भेद गिरणगावात विशेष जाणवतो. कोकणातून आलेल्या कामगारांनी लालबाग-परळच्या चाळींत भजन आणि शक्ती-तुरा जोपासला. १९८२ च्या संपानंतर कित्येक कुटुंबे पांगली. घरातील ज्येष्ठांच्या गळ्यातच उरलेली चाल त्यांच्याबरोबर गेली, तर ती कोणत्याही सॉफ्टवेअरमधून परत मिळणार नाही.

म्हणून आपण आरंभ ध्वनिमुद्रणापासून करावा. खोलीतला पंखा बंद करावा, आधी आवाज घ्यावा, मग तो ऐकत दुसऱ्या ट्रॅकवर टाळ-पखवाज भरावा. मूळ ध्वनिमुद्रण मात्र हात न लावता वेगळे जपावे. नवी रचना त्यानंतर, हवी तितकी करावी.