तंबूत हसलो, घरात का अवघडलो?

वाचकहो, दादा कोंडके यांचे नाव काढले की तुमच्या घरात काय होते? आमच्या घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, असा हसवणारा माणूस पुन्हा झाला नाही. दुसरा म्हणतो, ते नाव निदान जेवताना तरी काढू नका. बरे, बापई माणसे एकीकडे आणि बाया दुसरीकडे अशी सरळ वाटणीही नाही. आमची आई पहिल्या तटात आहे, आणि आमच्याकडे रोज चहाला येणारे निवृत्त मास्तर दुसऱ्या तटात. म्हणूनच म्हटले, हा वाद तुमच्यापुढे मांडावा.

निमित्त झाले गावच्या यात्रेचे. तमाशाचा फड आणायचा खर्च आता गावाला पेलत नाही. तेव्हा पंचांनी ठरवले की चावडीपुढे मोठा पडदा लावायचा आणि जुना मराठी सिनेमा दाखवायचा. “मग दादांचाच!” असे चारपाच जण एकदम बोलले. त्या बैठकीला बचत गटाच्या बायाही होत्या. त्यांच्यात आमच्या सूनबाई. त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “कोणता ते आधी सांगा. मग आम्ही यायचं का न्हाई ते ठरवू.”

पण ते पुढे सांगतो. आधी जरा मागे जाऊ द्या.

मी दादांना पहिल्यांदा पाहिले ते १९७२ च्या दुष्काळात. ज्यांनी ते साल पाहिले त्यांना वेगळे सांगायला नको. विहिरींचे तळ दिसू लागले होते, जनावरे दावणीवरून सोडून दिली होती आणि चांगली पंधरा-वीस एकरांची कुळे खडी फोडायला जात होती. मी तेव्हा सतरा वर्षांचा. आई, मी आणि थोरला चुलता पाझर तलावाच्या कामावर होतो. दुपारी सुकडी मिळायची, घरी लाल मिलोची भाकरी. अशा दिवसांत शेजारच्या बाजारच्या गावी तंबू आला आणि तंबूत ‘सोंगाड्या’ लागला. दिवसभर खडी फोडलेली माणसे दोन कोस चालत सिनेमाला गेली. आज नातवंडांना हे खरे वाटत नाही. खायला नाही आणि सिनेमाला कशी गेली म्हणतात. अरे बाबांनो, खायला नव्हते म्हणूनच गेली!

तंबूतली व्यवस्था आठवते का? खाली माती, अंगाखाली आपापले पोते किंवा घोंगडे. मधोमध दोर बांधून एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला बापये. रीळ बदलायला वेळ लागला की शिट्ट्या. आणि दादा पडद्यावर आले, ती ढगळ अर्धी विजार आणि लोंबणारी नाडी दिसली, की त्यांनी तोंड उघडायच्या आतच हशा. दोन अर्थांचे वाक्य आले की आधी आमच्या बाजूला गडगडाट व्हायचा, आणि क्षणभर थांबून दोरापलीकडून पदराआडची खसखस ऐकू यायची. हे थांबणे मी विसरलेलो नाही. बाया आधी आमचे हसणे संपू देत आणि मग आपले हसून घेत. कोण हसले, कोण नाही, हे अंधारात कुणालाच दिसत नव्हते. सासऱ्याने सुनेला पाहिले नाही, सुनेने सासऱ्याला पाहिले नाही.

आता दुसरा प्रसंग ऐका. १९८० नंतरची गोष्ट. गणपतीत गल्लीतल्या पोरांनी वर्गणी काढून भाड्याने टीव्ही आणि व्हिडिओ आणला आणि आमच्या सोप्यात मांडला. सिनेमा ‘राम राम गंगाराम’. यावेळी दोर नाही, अंधार नाही. वडील खुर्चीवर, आई उंबऱ्याशी, माझी मंडळी स्वयंपाकघराच्या दारात, शेजारच्या लेकीसुना भिंतीला टेकून. पहिले दुहेरी वाक्य आले. वडील उठले. “म्हशीला वैरण टाकून येतो,” म्हणाले. आले, बसले, तोवर दुसरे वाक्य. पुन्हा म्हैस. त्या रात्री आमच्या म्हशीला चार वेळा वैरण मिळाली! हेच वडील तंबूत मांडीवर थापा मारून हसलेले मी पाहिले होते. पडद्यावरचा माणूस तोच होता. बदलली होती ती बसण्याची जागा.

दादांवर मते द्यायला सगळेच तयार असतात, पण माणूस आला कुठून हे फार थोडे विचारतात. कृष्णा कोंडके हे त्यांचे नाव. १९३२ चा जन्म, वाढले मुंबईत नायगावच्या चाळीत, पण मूळ भोर भागातले. सेवादलाच्या कलापथकात घडले. वसंत सबनीसांनी लिहिलेल्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने १९६५ पासून त्यांचे नाव घरोघर केले. मग १९६९ मध्ये भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’त काम, आणि १९७१ मध्ये स्वतःच्या पैशाने काढलेला ‘सोंगाड्या’. त्याचेही लेखन सबनीसांचे, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचे. आमचे थोरले बंधू तेव्हा मुंबईत गिरणीत होते. (घरात आम्ही त्यांना दादाच म्हणतो, पण इथे घोळ नको म्हणून आण्णा म्हणतो.) दादरच्या एका थिएटरात ‘सोंगाड्या’ लावायला नकार मिळाला, तेव्हा बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले आणि सिनेमा लागला, ही हकीकत आण्णा अजून डोळे मोठे करून सांगतात. पुढे दादांचे नऊ सिनेमे पंचवीस-पंचवीस आठवडे चालले आणि त्याचे नाव गिनेस बुकापर्यंत गेले.

मास्तरांचा आक्षेप चावटपणावर नाहीच. ते म्हणतात, “शहरातल्या लोकांनी खेडूत म्हणजे कसा हे ह्या सिनेमांतून ठरवलं. नाडी लोंबणारा, तोंड वासणारा, बावळट. आम्ही पोरांना शाळेत ताठ उभं राहायला शिकवायचं, आणि पडद्यावर हे!” त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. त्यांचा एक विद्यार्थी पुण्याला शिकायला गेला, तर वसतिगृहातली पोरे त्याला नाम्या म्हणून हाक मारत. तो आता मोठा अधिकारी आहे, पण हे नाव त्याला अजून लागते.

आण्णा लगेच उसळतात. “मास्तर, तुम्ही नाडी बघितली, पण शेवटी मार कुणाला बसतो ते बघितलं का? ‘एकटा जीव सदाशिव’मध्ये खेड्यातला पोरगा शहरातल्या श्रीमंताच्या घरात जातो. त्यात वेडं कोण ठरतं? ते घर! ‘पांडू हवालदार’मध्ये आपल्याला तालुक्याला दरडावणारा हवालदार पडद्यावर आला आणि आम्ही त्याला पोटभर हसलो. गिरणीतली माणसं दुसऱ्या दिवशी फोरमनपुढं जरा ताठ उभी राहायची.” मला आण्णांचे हे म्हणणे पटते. तमाशातला सोंगाड्या हेच करत आला. राजापुढे येडे सोंग घ्यायचे आणि शहाण्यालाही बोलता येणार नाही ते बोलून मोकळे व्हायचे. वगात ज्याने हे पाहिले आहे त्याला दादांचे बावळटपण वरवरचे आहे हे सांगावे लागत नाही. पण वसतिगृहातल्या पोरांनी वग कुठे पाहिला होता?

आईचे मत या दोघांपेक्षा वेगळेच. तिला विचारले, तुला दादा का आवडतात? ती म्हणाली, “मी त्येच्यासाठी न्हाई जात. त्येच्या आयेसाठी जात हुते.” रत्नमालाबाईंनी दादांच्या सिनेमांत रंगवलेली ती कडक आई तुम्हालाही आठवत असेल. ‘सोंगाड्या’त लेक तमाशाच्या नादी लागला म्हणून ती त्याला घराबाहेर काढते. आमचे वडील दुष्काळानंतर तीन वर्षे मुंबईला होते. मागे आईने एकटीने शेत आणि तीन पोरे सांभाळली, आणि पाठीवर काठी मोडून आम्हाला वळण लावले. पडद्यावर आपल्यासारखी बाई तिने पहिल्यांदा पाहिली ती तिथे. इतकी वर्षे मी समजत होतो की आई गमतीच्या वाक्यांना हसते.

आता सूनबाईंचे ऐका. बैठकीत कुणीतरी त्यांना म्हणाले, “वहिनी, जरा गंमत म्हणून बघायचं असतं. आपल्या बाया हळदीला काय कमी चावट बोलतात?” त्या म्हणाल्या, “बोलतो की. पण हळदीचं बोलणं हळदीच्या मांडवात राहतं. १९९२ साली मी आठवीत होते. ‘येऊ का घरात’ लागला. आमच्या एस.टी. स्टँडवर पोरं रोज सिनेमाचं नाव घ्यायची, आमच्याकडं बघून. त्यांना कोण काय म्हणणार? सिनेमाचंच तर नाव! आम्ही चार मैत्रिणी होतो. त्यातल्या एकीच्या बापानं तिची शाळाच बंद केली.”

बैठक गप्प झाली. मीही गप्प होतो. त्या बापाला म्हशीला वैरण टाकायला जाऊन भागणार नव्हते, पण पोरांना सोडून त्याने शाळाच तोडली.

माझे विचाराल तर मी सिनेमा-सिनेमात फरक करतो. सुरुवातीच्या सिनेमांत गोष्ट आधी होती आणि चावटपणा तोंडी लावण्यापुरता. नाम्या भोळा होता. त्याच्या तोंडून वाक्य निसटायचे आणि दुसरा अर्थ आपल्या मनात उमटायचा, म्हणजे लबाड आपण. शिवाय उषा चव्हाणांची नायिका त्याला सव्वाशेर उत्तर द्यायची. पुढेपुढे लोणचेच ताटभर झाले आणि भाकरी शोधावी लागली. सेन्सॉरशी भांडणे झाली, नावेच अशी ठेवली की घरात उच्चारता येईनात. आण्णांना हे मान्य नाही. ते म्हणतात, लोकांनी तिकिटे काढली म्हणूनच दादांनी ते दिले. खरे आहे, पण आण्णा, तिकिटे काढणारे कोण होते? एस.टी. स्टँडवरच्या त्या पोरी नव्हत्या.

शेवटी तोड सूनबाईंनीच काढली. म्हणाल्या, आधी मी बघते. संध्याकाळी शेंगा फोडता फोडता दोन दिवसांत मोबाईलवर त्यांनी ‘सोंगाड्या’ पाहिला. मध्ये एकदा हसू ऐकू आले, पण मी माजघरात गेलो नाही. तिसऱ्या दिवशी पंचांना निरोप गेला, “हा चालंल.”

यात्रेच्या रात्री चावडीपुढे दोर नव्हता. तरी सवयीने बाया डावीकडे आणि बापये उजवीकडे बसले, मधे पोरेटोरे. जुन्या माणसांना वाक्य यायच्या आधीच हसू फुटत होते. तरुण पोरे काही ठिकाणी नुसती एकमेकांकडे बघत राहिली, त्यांना दुसरा अर्थच लागला नाही! पाझर तलावावर गेलेली माणसे आता गावात सातआठच उरली आहेत. ती पुढे बसली होती. मास्तर शेवटपर्यंत थांबले. तोंडावर उपरणे होते, पण खांदे हलत होते.

कॉलेजात जाणाऱ्या नातीला घरी येताना विचारले, कसा वाटला? ती म्हणाली, “आजोबा, लई सावकाश चालतो. आणि ती कलावती गावोगाव नाचते, सगळे तिच्यामागं लागतात, पण तिला स्वतःला काय वाटतं ते कुणीच विचारत नाही.” मी हा सिनेमा पाच वेळा पाहिला आहे. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. तिच्या आजीला मात्र पडला असावा, कारण ती मागून म्हणाली, “विचार बाई, विचार.”

यंदा पोरांनी ‘पांडू हवालदार’ धरला आहे. मास्तरांना वाटते, त्यापेक्षा शिवाजी महाराजांवरचा लावा. सूनबाईंनी अजून निरोप दिलेला नाही, भुईमुगाची काढणी चालू आहे, त्यामुळे बघायला सवड नाही म्हणतात. आणि आईने कालच सांगून ठेवले आहे की यात्रेच्या आधी तिचा चष्मा बदलून आणायचा.