एका झाडासाठी

वाऱ्यामुळे त्रापानीची बोट आजही सुटली नाही. मी अडकलेय ते पांतेल्लेरिया हे काळ्या लाव्हाचं बेट. देश इटली, पण सिसिलीपेक्षा ट्युनिशिया जवळ. दुपारी चालत एका बागेपाशी गेले. बाग म्हणजे माणसाच्या दुप्पट उंचीची गोल दगडी भिंत आणि आत एकच संत्र्याचं झाड. चुना नाही, माती नाही; नुसता दगडावर दगड. गोड्या पाण्याची इथे फार वानवा. भिंत ओल धरून ठेवते. इथल्या दाम्मुसो नावाच्या घरांची घुमटाकार छपरंही पावसाचं पाणी टाकीत उतरवतात.

बाहेर सगळी शेती वाकलेली. ऑलिव्ह जमिनीलगत पसरलेले, द्राक्षवेली खळग्यांत झुडपासारख्या. वेलींच्या या लागवडीला युनेस्कोने २०१४ मध्ये वारसा मानलं, ते योग्यच झालं. पण माझं मन झाडापाशीच घुटमळलं.

बुटक्या दारातून वाकून आत शिरले आणि वारा थांबला. आजारपणानंतर पहिल्यांदा अंग सैल झालं. मग अस्वस्थ वाटू लागलं. या झाडाला समुद्र कधी दिसत नाही. तापात आई खिडक्या लावून माझ्या उशाशी बसायची, तेव्हा मला गुदमरायचं. तिला काय वाटत असेल, हे मी कधी विचारलं नाही.

हे दगड कुणी, किती पिढ्या वाहिले असतील? फळं तर चार टोपल्या. एवढे कष्ट फळांसाठी असतील असं मला वाटत नाही. मग कशासाठी, ते अजून नीट सांगता येत नाही.