दोन दिवस शेगडी बंद!

मैत्रिणींनो, शनिवार-रविवार घरची मंडळी फिरायला निघाली, की आपल्यासोबत दशम्या, चटण्या नि छोटी शेगडीही निघते. मग विश्रांती ती कसली? एकदा कळवणला रिकाम्या हातांनी जाऊन तर बघा!

शनिवारी गावात झणझणीत शेवभाजी-भाकरी खा. कानांवर अहिराणी पडेल, कोकणा आदिवासींची बोली पडेल, गडावर निघालेल्या यात्रेकरूंची गुजरातीही पडेल. कुठे नागलीची भाकरी, उडदाचं वरण नि ठेचा मिळाला तर सोडू नका. करणारीला कृती अवश्य विचारा. अशा ओळखी पाकपुस्तकातून होत नाहीत.

रविवारी पहाटेच नांदुरीवरून सप्तशृंगी गड गाठा. पाचशेच्या वर पायऱ्या, म्हणून सासूबाईंना घरी ठेवू नका; २०१८ पासून तिथे ट्रॉली आहे. अठरा हातांची देवी त्यांनाही डोळे भरून पाहू द्या. चैत्री यात्रा नि नवरात्रातली गर्दी मात्र टाळा.

अठरा हात देवीला शोभतात. आपले दोनच, दोन दिवस ते मोकळे राहिले, म्हणून काही संसार अडत नाही, बरं का!