किल्ल्यावरची शाळा

लष्कर, ग्वाल्हेर

ती. सौ. वहिनीस,


पत्र पोचलं. चिरंजीवांना सहावीपासून इथल्या सिंधिया स्कूलमध्ये ठेवायचं दादाच्या मनाने घेतलंय आणि तुमच्या पोटात गोळा आलाय. दादाचं पालुपद एकच, ‘शिंद्यांची म्हणजे आपलीच शाळा.’ तेवढ्यापुरतं मी आधी उत्तर देतो.

आपली ती होती खरी. माधवराव शिंद्यांनी १८९७ साली, जेमतेम विशीत असताना, ती काढली तेव्हा नावच होतं सरदार स्कूल. दरबारातल्या मराठा सरदारांच्या मुलांसाठी. वाड्यात हुजऱ्यांच्या गराड्यात वाढणाऱ्या या पोरांच्या हाती उद्या जहागिरी आणि राज्याची खाती जाणार, तेव्हा त्यांना वेळेवर उठवून स्वतःचं स्वतः करायला लावावं, हा महाराजांचा हिशेब असणार. मला तो पटतो. लाडावलेला सरदार संस्थानाला परवडत नाही.

किल्ल्यावर शाळा कशी आली, ते मात्र दादाला जरूर सांगा. १८५८ च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई इथेच पडल्या, आणि त्यानंतर इंग्रजांनी किल्ल्यावर आपली पलटण बसवली. शिंद्यांना किल्ला परत मिळायला १८८६ उजाडलं, आणि त्या बदल्यात इंग्रजांनी घेतली कोणती जागा, तर झाशी! गोरे शिपाई गेल्यावर त्यांच्या बराकी ओस पडल्या होत्या. त्यांतच पुढे मुलांच्या खाटा लागल्या. म्हणजे ज्या भिंतींआड आपले चिरंजीव झोपणार, त्या बंड मोडणाऱ्यांच्या पलटणीसाठी उभ्या राहिलेल्या. अभिमान बाळगायचा तर हेही हिशेबात धरावं.

वसतिगृहांची नावं ऐकलीत तर दादाची छाती आणखी फुगेल. राणोजी, जयाप्पा, दत्ताजी, महादजी, दौलत, जयाजी, माधव, सगळे शिंदेच. जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला दगाबाजीने मारले गेले, दत्ताजी १७६० च्या संक्रांतीच्या सुमारास बुराडी घाटावर पडले. त्यांची नावं इथली पोरं क्रिकेटच्या सामन्यात गळा फाडून ओरडतात. लहान मुलांच्या एका वसतिगृहाचं नाव तर चक्क कण्हेरखेड. आपल्या कोरेगाव तालुक्यातलं, शिंद्यांचं मूळ गाव! उत्तर प्रदेश-बिहारकडच्या ज्या मुलाने सातारा जिल्हा नकाशातही पाहिलेला नाही, तो घरी सांगतो, ‘मैं कनेरखेड में हूँ.’ मला याची गंमत वाटते आणि थोडं बरंही वाटतं.

पण मराठी तिथे नावांपुरतीच. बोलणं हिंदी-इंग्रजीत. १९३३ साली शाळेने सरदारांपुरतं राहणं सोडलं, नाव बदललं, दारं उघडली. मला विचाराल तर तिचा खरा जन्म तो. नाहीतर संस्थानाबरोबर तीही विलीन झाली असती. त्या काळात एफ. जी. पिअर्स नावाचे थिऑसॉफिस्ट प्राचार्य तिला लाभले. माणूस स्काउट चळवळीतला, पुढे ऋषी व्हॅलीलाही प्राचार्य झाला. मुंबईहूनही मुलं येत राहिली. अमीन सायानी इथलेच, सलमान खानही काही वर्षं इथे होता. (सलमानचं दादाला सांगू नका. चिरंजीवांना सांगा.)

शाळेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे अस्ताचल. संध्याकाळी किल्ल्याच्या कडेला सगळी मुलं उघड्यावर बसतात आणि सूर्य बुडेपर्यंत गप्प राहतात. बारा-चौदा वर्षांच्या शेकडो पोरांना रोज गप्प बसवणं सोपं नाही. खाली शहर कलकलत असतं. आणि तुमच्या लेकाला गणिताचा धसका आहे म्हणता, तर त्याला हेही कळू द्या की याच किल्ल्याच्या चढावर चतुर्भुज मंदिर आहे. तिथल्या इ. स. ८७६ च्या शिलालेखात बागेच्या मापात २७० हा आकडा शून्यासह कोरलेला आहे.

माझ्या मनात खुटखुटतं ते वेगळंच. अठराव्या वर्षापर्यंत नुसत्या मुलग्यांत वाढायचं, हे मला आजच्या दिवसांत पटत नाही. पूर्वी घराणं पाहून प्रवेश मिळे, आता खिसा पाहून. शुल्काचे आकडे दादाने पाहिलेच असतील. भिंतीच्या आतली मुलं वेगवेगळ्या प्रांतांची असतील, पण वेगवेगळ्या आर्थिक थरांतली फारशी नाहीत. आणि कुठल्याही वसतिगृहाची खरी परीक्षा दिवे मालवल्यावर, मोठ्या मुलांच्या हाती लहान मुलं असतात तेव्हा होते. तेवढं माहितीपत्रकात छापत नाहीत.

म्हणून अर्ज भरण्याआधी इकडे या. इमारती मी दाखवीन. तुम्ही गृहप्रमुखांना विचारा, रात्री मुलाच्या पोटात दुखलं तर तो कुणाला उठवतो, थोरल्याने मारलं तर कुणाकडे जातो, घरी फोन केव्हा करू देतात. एखाद्या सातवीतल्या मुलाशी शिक्षक जवळ नसताना बोला. चिरंजीवांनाही आणा, त्यांना कुणी विचारल्याचं तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही.

जानेवारीत निघालात तर लोकरीचे कपडे भरपूर घ्या, इथली थंडी साताऱ्यासारखी नाही. दादाला नमस्कार.

तुमचा धाकटा दीर