त्रयीत प्रवेश कोठून?

मलकापूरच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या हाती महेश एलकुंचवारांचे 'मग्न तळ्याकाठी' आले; 'वाडा चिरेबंदी' त्याने वाचलेले नव्हते. आधीच्या नाटकासाठी थांबावे काय, हा त्याचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. तसा तो नाही.

'वाडा चिरेबंदी' 1985 साली रंगमंचावर आले, तेव्हा ते कशाचाही पूर्वभाग नव्हते. तात्याजींच्या मृत्यूनंतरचे देशपांड्यांचे घर, तेथील नादुरुस्त ट्रॅक्टर, दागिने घेऊन मास्तरांबरोबर पळून जाणारी रंजू. यापुढे काय, हे प्रेक्षकाला ठाऊक नव्हते आणि त्या न कळण्यातच शेवटाचा भार सामावलेला होता. उत्तरभाग आधी वाचणाऱ्यास घर टिकल्याचे अगोदरच समजते. मग पडझडीची भीती उरत नाही. उरते ती केवळ कारणमीमांसा, आणि शोकनाट्याचे इतिहासात रूपांतर होते. (मुंबई-नागपूर रेल्वे मलकापूरवरूनच जाते, उशिरा पोचणारे सुधीरसारखे मुलगे येथील वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.)

1994 मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी 'युगान्त'सह तिन्ही नाटके सलग, सुमारे नऊ तासांत सादर केली, तेव्हा क्रमाचा निर्णय प्रेक्षकाकडे राहिलाच नाही. वाचकाकडे तो आजही आहे, म्हणूनच त्याने तो जपून घ्यावा. विद्यार्थ्याने दुसरे नाटक तूर्त मिटून ठेवावे. 1985 च्या प्रेक्षकाला पुढील नाटकासाठी काही वर्षे थांबावे लागले. याला फार तर अकोल्याहून पुस्तक येईपर्यंत.